शिडीची रांगोळी

आमच्या दारातल्या रांगोळीला गल्लीतले लोक शिडी म्हणत. ओटीच्या शेवटच्या पायरीपासून फाटकापर्यंत नुसत्या आडव्या रेघा, एकीपासून दुसरी एका पावलाच्या अंतरावर, मोजून अठरा. ना कमळ, ना स्वस्तिक, ना वेल. पहिल्याच दिवशी शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय वहिनी, शिडी लावून कुणाला स्वर्गात पाठवताय?" मी म्हटलं, "स्वर्गात नाही, कचेरीत." तिला काही उमगलं नाही आणि मीही उमगू दिलं नाही. ठाण्यात माझ्यापेक्षा सुंदर रांगोळी काढणाऱ्या पुष्कळ जणी होत्या. पण माझ्या रांगोळीवरून एक माणूस आपल्या पायांनी कामाला गेला, आणि त्याच्यामागून आणखी किती तरी जण चालले. त्या शिडीचा मला जेवढा अभिमान आहे तेवढा माझ्या पाटल्यांचाही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गर्विष्ठ म्हणायला नको.

नवऱ्याचं नाव घेण्याची आमच्यात रीत नाही, तेव्हा इथे मी त्यांना 'हे' असंच म्हणणार आहे. हे ठाण्याच्या कचेरीत नक्कलनवीस होते. सरकारी कागदाची हुबेहूब दुसरी प्रत करायची, हे त्यांचं काम. सगळा कारभार तेव्हा मोडीत चाले. मोडी लिहिणारा आधी कोऱ्या कागदावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी ओळ ओढतो आणि मग तिला एकेक अक्षर टांगत जातो. ह्यांची अक्षरं एका उंचीची, एका मापाची. चिटणीस, म्हणजे कचेरीतले मुख्य कारकून, नव्या उमेदवारांपुढे ह्यांचा कागद धरून म्हणत, असं लिहा. ह्यांचं कलमदान कचेरीतच बैठकीवर राही. ओळ आखायचा शिसवी रूळ मात्र, हातभर लांब, सासऱ्यांच्या वेळचा, रोज काखेत जाई आणि रोज काखेतून घरी येई. त्या रुळाला मी कधी पाय लागू दिला नव्हता.

सुरुवात उजव्या अंगठ्यापासून झाली. ओटीवर स्वस्थ बसले असले की अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर फिरत राही, जपमाळेचा मणी ओढावा तसं. गल्लीतल्या एका म्हाताऱ्यांनी तर खरोखरच विचारलं, "कुणाकडून मंत्र घेतलात?" मग चेहऱ्यावरचं हसू गेलं. कितीही गमतीची गोष्ट सांगितली तरी तोंड आपलं तसंच. आवाज बारीक झाला. मी समजले, माझ्यावर रागावलेत. चार महिने मी रुसून होते, वाढताना ताट आपटत होते, आणि ज्याच्यावर रुसले होते त्या माणसाला स्वतःचं तोंड हलवता येत नव्हतं. हे आठवलं की अजूनही मला माझी लाज वाटते.

मग अक्षर. डाव्या कडेला नेहमीसारखं सुरू होई आणि उजव्या कडेला पोचेपर्यंत मुंगीएवढं होऊन जाई. चिटणीस आधी खूश झाले, म्हणाले, सरकारचा कागद वाचवताय, छान. मग वरून एक कागद परत आला, वाचता येत नाही म्हणून. मागून दुसरा आला. श्रावणाच्या तोंडावर चिटणिसांनी ह्यांना जवळ बोलावून सांगितलं, "दसऱ्यापर्यंत घरी राहा, औषधपाणी करा. दसरा झाल्यावर कचेरी उघडेल त्या दिवशी या आणि माझ्यासमोर एक पान नक्कल करून दाखवा. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एका मापाचं आलं तर जागा तुमची." माणूस वाईट नव्हता, त्याच्या परीने त्याने मुदतच दिली होती. त्या संध्याकाळी हे कलमदान उचलून घरी घेऊन आले. अठ्ठावीस वर्षांत कलमदान पहिल्यांदाच घरात आलं. मी ते फळीवर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले.

वैद्यबुवांनी नाडी पाहिली, अंगणात चार पावलं चालायला लावलं आणि म्हणाले, "कंपवात आहे. हा पाहुणा परत जाणारा नाही. ह्याला घरात जागा करून द्यावी लागेल." कुयलीच्या बियांचं चूर्ण दुधातून घ्यायला दिलं. त्याने थोडा उतार पडला, नाही असं नाही. पण जागा करून द्यायची म्हणजे नेमकं काय करायचं, उंबरठ्याशी पाय जमिनीला खिळतात तेव्हा काय करायचं, पेला तोंडाशी नेईपर्यंत अर्धा सांडतो त्याचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही ठाऊक नसावं. मग मला जे ठाऊक होतं ते मी केलं, आणि तिथेच चुकले.

मला ठाऊक होतं ते एवढंच, की नवऱ्याची सेवा करावी. मी घास कालवून तोंडात द्यायला लागले. बंडीचे बंद मी बांधायचे, धोतर मी नेसवायचं, पाणी मी पाजायचं. उठायचं म्हटलं की काखेत हात घालून उभं करायचं, वाक्य अर्ध्यावर थांबलं की पुढचं मीच बोलायचं. बायका येऊन बघत आणि म्हणत, "सावित्री हो, सावित्री." मला ते गोड लागे, खोटं कशाला बोलू. गणपती येईपर्यंत अशी गत झाली की मी शेजारी नसले तर हे पाटावरून उठतसुद्धा नसत. अति तेथे माती म्हणतात ती मी माझ्या हाताने कालवली होती. आणि दसरा तर महिन्यावर आला होता.

श्रावण संपून गणपती उठले आणि आमच्याकडे पुन्हा मासळी सुरू झाली. आम्ही कायस्थ, मासळीशिवाय आमचं पान हलत नाही. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक कोळीण वर्षानुवर्षं आमच्या दारात येई. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच, सगळ्या जगाला ती एकाच मापाने मोजी. त्या दिवशी ती पायरीवर बसून कोळंबी निवडत होती, आणि मी ह्यांना झोपाळ्यावरून उठवून, पदराने तोंड पुसून आत नेत होते. मी परत आले तशी ती म्हणाली, "कवापासून हाय गो बाय?"

"काय कधीपासून?"

"त्याचा वात. माजे घरवाल्याला सात वरसां जाली."

मी म्हटलं, "म्हणजे तुझंही माझ्यासारखंच नशीब."

"नशीब कसला? तो जाली विनतो, बाजारान जातो. तू याला काय करून ठेवलास?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी काय करून ठेवलं? सगळं मीच करते त्यांचं."

"तेच सांगते मी," ती म्हणाली. "काठाला ओढून ठेवली ती होरी कुजते, बाय. पान्यान असली तर झिजते, पन चालते." होडीला ती होरी म्हणे.

मासे विकणारीने मला पत्नीधर्म शिकवावा, हे काही मला पचलं नाही. दोन दिवस मी तिच्याकडून मासळीच घेतली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी पाण्याच्या तांब्याकडे हात नेला. हात थरथरत, अडखळत, पण चालला होता. मी धावत जाऊन तांब्या उचलला आणि ओठाला लावला. ह्यांनी पाणी घेतलं नाही. त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणाले, "अगं, एवढं तरी माझ्याकडे राहू दे." मी तांब्या खाली ठेवला. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. त्या कोळणीचं सात वर्षं जळत होतं, तिला कळलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभी राहून तिची वाट पाहिली.

ती म्हणाली, "ये घेऊन त्याला वाड्यान. माजा घरवाला दावील." मी घरात येऊन सांगितलं. तेव्हा ह्यांना जो राग आला तो आवाजात नव्हता की चेहऱ्यावर नव्हता, पण अंगठा दुप्पट वेगाने फिरायला लागला. "अठ्ठावीस वर्षं सरकारी कचेरीत घालवली ती कोळीवाड्यात जाऊन चालायला शिकायला?" मी म्हटलं, "इकडून जायचं नसेल तर तो येईल." हे नाही म्हणाले नाहीत, एवढंच मी धरून ठेवलं.

तो आला. कोळीवाड्यापासून आमच्या दारापर्यंत आपल्या पायांनी, खांद्यावर एक आखूड वल्हं घेऊन. फाटकाशी त्याचे पाय खिळले. अगदी ह्यांचे खिळतात तसेच, गुडघे लटलट आणि पावलं जागच्या जागी. त्याची बायको पुढे येऊन पाटी उतरवून खुशाल मासे लावत बसली होती. नवरा दारात अडलाय आणि ही बाई कोळंबीचे वाटे घालते आहे. मी उठले, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "बस. वीस मोज आदी." तिकडे त्याने खांद्यावरचं वल्हं उतरवलं आणि आपल्याच पावलांपुढे आडवं टाकलं. त्याच्याकडे बघितलं, एक पाऊल उचललं आणि वल्हं ओलांडलं. पाय सुटले. वल्ह्याला दोरी होती, दोरी मनगटाला होती. ती ओढून वल्हं पुन्हा हातात घेतलं आणि तो अंगण ओलांडून पायरीशी आला.

हे झोपाळ्यावर, तो पायरीवर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांचे अंगठे एकाच चालीत फिरत होते. मग ह्यांच्या घशातून आवाज आला. चेहरा हलला नाही, पण ते हसूच होतं, इतक्या वर्षांत मला त्यांच्या हसण्याचा आवाज ओळखता येत होता. तोही हसला, तसाच, तोंड न हलवता. वर्षभरात त्या ओटीवर पहिल्यांदा कुणी हसलं.

पुढे तो दोन दिवसांआड येऊ लागला. सात वर्षांत जे जे त्याने स्वतः पडून, झडून, चिडून शोधून काढलं होतं ते तो ह्यांना आयतं देत होता. पाय खिळले की ढकलायचं नाही. थांबायचं, सगळा भार एका पायावर घ्यायचा, समोर आडवं काहीतरी बघायचं आणि ते ओलांडायचं. वळताना जागच्या जागी फिरायचं नाही. होडी वळते तसा मोठा वळसा घ्यायचा. चालताना बोलायचं नाही, बोलताना चालायचं नाही. पाटावरून उठताना नाक पायाच्या बोटांच्या पुढे न्यायचं, मग बूड आपोआप सुटतं. आणि बोलायचं ते पैलकाठच्या होडीला हाक घालतो तसं. ह्यांना वाटे आपण ओरडतोय. आम्हाला ते साधं बोलणं ऐकू येई. "मना पन पयलं लाज वाटली," तो म्हणे. "मग वाटली नाय." मला त्याच्या बायकोने एकच धडा दिला. वीस मोजायचे, मग हात लावायचा. तोवर हात पदराखाली. सगळ्यांत अवघड धडा माझाच होता.

शिडीची कल्पना माझी. त्याचं वल्हं बघितलं आणि रात्रभर डोक्यात घोळवलं. सकाळी सडा घातला आणि ह्यांच्या पावलाच्या मापाने रेघा ओढल्या. ह्यांनी ओटीवरून बघितलं, उतरले, एकेक रेघ ओलांडत फाटकापर्यंत गेले, मोठा वळसा घेऊन परत आले. वाटेत एकदाही थांबले नाहीत. वर आल्यावर पैलकाठच्या आवाजात म्हणाले, "चौदावी रेघ वाकडी आहे." नक्कलनवीसच तो.

पण पान लिहायचं राहिलंच होतं. चालता आलं तरी अक्षर डावीकडून उजवीकडे आटतच होतं. हे रोज बसत, ओळ ओढत, लिहीत, आणि कागद उपडा ठेवत. एका सकाळी अंगणातून फेरी मारून आले ते तसेच कागदाशी बसले, आणि बराच वेळ नुसते त्या शिडीकडे बघत राहिले. मग रूळ घेतला, वरची ओळ ओढली आणि तिच्याखाली अक्षराच्या उंचीवर दुसरी ओळ ओढली. जाणत्या माणसाने असं करायचं नसतं. खालची ओळ ही पंतोजींच्या शाळेत नव्याने बसलेल्या पोरांसाठी. वरून अक्षर टांगायचं ते कुठवर लोंबवायचं हे हाताला आपोआप कळलं पाहिजे, यातच तर नक्कलनविसाची अब्रू. ह्यांनी त्या दोन ओळींमध्ये लिहायला सुरुवात केली. प्रत्येक अक्षर खालच्या ओळीला टेकवत, सावकाश, पाऊल टाकल्यासारखं. शेवटचं अक्षर पहिल्याएवढंच आलं. मला बोलावून कागद दाखवला. मला मोडी येत नव्हती, पण माप बघायला वाचता कशाला यावं लागतं.

"पण ते खालची ओळ ओढू देतील का?" मी विचारलं.

"ते मी बघतो," हे म्हणाले. कित्येक महिन्यांत 'मी बघतो' असं त्या घरात कुणी म्हटलं नव्हतं.

दसऱ्याला आमच्याकडे दौत, बोरू मांडून पूजा करतात. त्या वर्षी मी त्यात घरी आलेलं कलमदान आणि रूळही ठेवला. पूजेनंतर ह्यांनी माझ्याकडून करदोट्याच्या काळ्या गोफाचा एक लांब तुकडा मागून घेतला, रुळाच्या मध्यावर बांधला आणि दुसरं टोक मनगटाला लावून बघितलं. ज्या रुळाला मी कधी पाय लागू दिला नव्हता तो आता पायापुढे पडणार होता.

कचेरी उघडली त्या दिवशी मी देवदर्शनाचं निमित्त काढलं. तळ्याकाठच्या देवळाच्या पायऱ्यांवरून कचेरीचं दार सरळ दिसे. बायकामाणसाने कचेरीच्या आवारात जायचा तेव्हा प्रश्नच नव्हता, पण देवाच्या दारात बसायला कोण अडवणार? कोळीण माझ्याबरोबर आली. मी बोलावलं नव्हतं. पाटी कुणाच्या तरी ओट्यावर ठेवून आपणहून माझ्याशेजारी येऊन बसली. हे एका हातात कलमदान, काखेत रूळ असे निघाले. रस्त्याने बरे गेले. आवारात फरशी होती, तिच्या सांध्यांवरून बरे गेले. दारापाशी मात्र पक्षकारांची गर्दी होती, शिपाई होता, आणि उंबरठा होता.

पाय खिळले.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. गर्दीतल्या दोघांनी वळून बघितलं. शिपाई काहीतरी म्हणाला. ह्यांचे गुडघे लटलटताना मला त्या अंतरावरून दिसत होते की मला तसा भास होत होता, सांगता येणार नाही. अठरा, एकोणीस, वीस. मी उठले. रीतभात, आवार, लोक काय म्हणतील, काहीच आठवलं नाही. जाऊन काखेत हात घालायचा आणि आत नेऊन बसवायचं, एवढंच अंगात होतं. कोळणीने माझं मनगट धरलं. मासळी चिरून चिरून टणक झालेला तिचा हात, तो काही सुटण्यातला नव्हता.

"वीस झाले," मी म्हटलं.

"मग परत मोज."

मी परत मोजायला लागले, तिच्या पकडीत, उभीच. किती झाले होते आठवत नाही. ह्यांनी कलमदान डाव्या हातात घट्ट धरलं, काख सैल केली आणि साऱ्या कचेरीदेखत, शिपायादेखत, पक्षकारांदेखत रूळ आपल्या पावलांपुढे टाकला. त्याच्याकडे बघितलं. पाऊल उचललं. रूळ ओलांडला, त्याच पावलात उंबरठा ओलांडला, गोफ ओढून रूळ वर घेतला आणि आत दिसेनासे झाले. मी खाली बसले. कोळणीने मनगट सोडलं आणि कंबरेची पानाची चंची काढली.

किती वेळ गेला कोण जाणे. ती तीन पानं खाऊन झाली होती. हे दारात दिसले. बाहेर येताना रूळ टाकावा लागला नाही, एक वळसा घेऊन उंबरठा ओलांडला. मी त्यांचा चेहरा बघितला नाही. त्या चेहऱ्यावर काही दिसत नसे. मी त्यांचे हात बघितले. एका हातात रूळ होता. दुसरा रिकामा होता.

"काय जालं?" कोळणीने विचारलं.

"कलमदान ठेवून आले," मी म्हटलं, आणि देवाच्या दारात भरदिवसा, तोंडावर पदरही न घेता रडले.

आत काय झालं ते ह्यांनी घरी सांगितलं. ह्यांनी दुसरी ओळ ओढली तेव्हा चिटणीस म्हणाले, "लहान मुलांसारखी खालची ओळ कशाला?" ह्यांनी पैलकाठच्या आवाजात उत्तर दिलं, त्याने सगळ्या कारकुनांनी माना वर केल्या: "वरची ओळ अक्षरांसाठी आहे, खालची माझ्यासाठी." चिटणिसांनी पान वाचलं. पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर बोरूच्या टोकाने मोजून बघितलं. म्हणाले, "बसा आपल्या जागेवर." हे सांगून झाल्यावर ह्यांनी तांब्या स्वतः उचलला. थोडं पाणी सांडलं. मी पुसलं नाही.

त्यानंतर तीन वर्षं हे कचेरीत गेले, रोज त्या शिडीवरून. मग हात फारच मंदावला तेव्हा कुणी काढायच्या आत आपणहून निघाले. कलमदान त्याही दिवशी घरी आलं, पण तेव्हा मी रडले नाही. चांगलं नारळ फोडून त्याला फळीवर बसवलं.

ह्या गोष्टी लपत नाहीत. कळव्याहून मिठागरावरचा एक मुकादम आला, त्याचा पाय धरला होता. शहाडहून एका म्हाताऱ्याला मुलांनी बैलगाडीत घालून आणलं. वैद्यबुवासुद्धा औषधाची पुडी दिल्यावर सांगायला लागले, "बाकीचं त्या शिडीवाल्यांकडे जाऊन विचारा." येणारा माणूस नुकतंच दुखण्याचं नाव ऐकून आलेला असे, आणि त्याच्या डोळ्यांत एकच प्रश्न असे, की आता संपलं का. हे त्याच्याशी पैलकाठच्या आवाजात बोलत. कोळी जिवंत होता तोवर तोही येऊन पायरीवर बसे, आणि दोघं मिळून त्याला उठायला, वळायला, ओलांडायला शिकवत. पुढे हे सांगत आणि मी लिहून घेई. मला बाळबोध लिपी तेवढी येत होती. मीही खालची ओळ ओढूनच लिहायची, ती मला कधी सोडता आली नाही. 'कंपवात झालेल्या माणसाने करायच्या गोष्टी' असं एक पान, आणि त्याच्या मागच्या बाजूला 'त्याच्या घरच्यांनी न करायच्या गोष्टी'. मागची बाजू जास्त लांब होती. ती माझी होती.

आणि एके दिवशी शेजारीण आली. शिडीवरून हसणारी तीच. तिचा भाऊ कल्याणला शाळेत मास्तर होता. त्याच्या अंगठ्याने माळ ओढायला सुरुवात केली होती, आणि फळ्यावरचं त्याचं अक्षर वर्गाला दिसेना इतकं लहान झालं होतं. ओटीवर बसून ती डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, त्याला आणू का?" मी काही बोलले नाही असं लिहिलं तर बरं दिसेल. पण बोलले. म्हटलं, "आणा की. स्वर्गात नाही, शाळेत पाठवू." ती रडता रडता हसली आणि दुसऱ्याच दिवशी भावाला बोलावून घेतलं.

तो आला तेव्हा सकाळ होती, शिडी ताजी होती. त्याची बायको त्याला काखेतून धरून आणत होती, अगदी मी धरायची तसं, एका हाताने त्याचा घाम पुसत, तोंडाने "सावकाश, सावकाश" म्हणत. तिशीही उलटली नसेल तिची. मी फाटकाशी गेले आणि तिला सांगितलं, "आता त्यांना सोडायचं." तिने माझ्याकडे मी राक्षसीण असल्यासारखं बघितलं. पण सोडलं. तो पहिल्या रेघेशी आला आणि त्याचे पाय खिळले.

ओटीवरून ह्यांचा आवाज आला. तोवर हे फार थकले होते, झोपाळ्यावर उशांना टेकून बसायचे, पण तो आवाज अंगण ओलांडून रस्त्यापर्यंत गेला. "मास्तर, पायांकडे नाही. रेघेकडे बघा."

मास्तर रेघेकडे बघत उभा राहिला. त्याचे गुडघे थरथरायला लागले. त्याची बायको झेपावली, आणि मी तिचं मनगट धरलं.

"पडतील हो ते," ती म्हणाली.

"वीस मोजा," मी म्हटलं.

ती मोजायला लागली, ओठांतल्या ओठांत, रडत. तिची नाडी माझ्या बोटांखाली धावत होती. माझीही अशीच धावली असणार त्या कोळणीच्या हातात, आणि तिने ती सगळी ऐकली असणार आणि तरी मला सोडलं नव्हतं. वीस झाले. तिने माझ्याकडे बघितलं.

"परत मोजा," मी म्हटलं, आणि मास्तरने पाऊल उचलेपर्यंत तिचं मनगट सोडलं नाही.